बिनविरोध आणि बिनमतदान

एका छोट्या शैक्षणिक ट्रस्टच्या कमिटीवर मी गेली ९ वर्षं आहे. नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण तुम्ही ज्या कुठल्या मंडळात, वाचनालयात, ज्ञातीच्या संस्थेत किंवा सोसायटीत असाल तिथेही हेच चालतं. अध्यक्ष विषय वाचतात, ‘मंजूर?’ म्हणतात, कोपऱ्यातून दोन-तीन आवाज येतात ‘मंजूर, मंजूर’, तोवर बटाटेवडे आलेले असतात आणि ज्याला काही बोलायचं होतं तो कशाला उगाच म्हणून गप्प बसतो. मिनिट्स चार-पाच दिवसांनी टाइप होऊन येतात आणि प्रत्येक ठरावाच्या शेवटी एकच वाक्य असतं, ‘एकमताने मंजूर’. या ९ वर्षांत आमच्याकडे एकही ठराव बहुमताने झालेला नाही. कागदावर बघितलं तर आमच्याइतकी एकी पांडवांमध्येही नव्हती.

मागच्या वर्षी मुलीकडे बर्मिंगहॅमला गेलो होतो तेव्हा एका रविवारी क्वेकर नावाच्या ख्रिश्चन पंथाच्या लोकांच्या मीटिंगला जाऊन बसलो. धर्मबिर्म बदलायला नाही, मुलगी म्हणाली बाबा तुम्हाला बडबड आवडत नाही ना, मग इथे जा. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे एका टेबलावर फुलं आणि दोन-तीन पुस्तकं, बाकी मूर्ती नाही, क्रॉस नाही, पाद्री नाही. तासभर सगळे गप्प. मधेच एक बाई उठल्या, चार वाक्यं बोलल्या, बसल्या. कुणी मान डोलावली नाही, कुणी उत्तर दिलं नाही. तासाने दोघा जणांनी एकमेकांशी हात मिळवले आणि संपलं. नंतर चहा-बिस्किटं. मग कळलं की पुढे त्यांच्या कामकाजाची सभा आहे, मी विचारलं बसू का, परवानगी मिळाली.

विषय साधा होता. तिथे दर आठवड्याला निर्वासितांसाठी दुपारचं जेवण करायचे, ते पुढे चालू ठेवायचं का. एक वयस्कर बाई, ज्या स्वतः तिथे स्वयंपाक करायच्या, त्या म्हणाल्या की आता जेवायला फार कुणी येत नाही, लोकांना जवळ दुसरीकडे सोय झालीये, आपण हे चालू ठेवतोय कारण आपल्याला बरं वाटतं म्हणून. सगळे गप्प. चांगली दोन-तीन मिनिटं. मग ज्यांनी तो उपक्रम सुरू केला होता ते गृहस्थ बोलले, त्यांना हे पटत नव्हतं आणि ते त्यांनी तसं सांगितलं. परत शांतता. आणखी तिघं बोलले, प्रत्येक जण एकदाच. मग टेबलाशी बसलेल्या क्लार्कबाईंनी (क्लार्क म्हणजे त्यांच्याकडे सभा चालवणारी व्यक्ती, कारकून नव्हे) तिथल्या तिथे कागदावर चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. त्या गृहस्थांनी एक शब्द बदलायला सांगितला, बदलला, परत वाचला. ‘हे मिनिट मान्य आहे का’ असं विचारल्यावर लोक ‘येस’ म्हणत नाहीत तिथे, ‘होप सो’ म्हणतात. अशी आशा आहे. उपक्रम बंद झाला. हात वर नाही, मोजणी नाही, आणि ते गृहस्थ शेवटी म्हणाले, मला अजूनही वाटतं चालू राहावं पण मी आडवा येणार नाही.

या सगळ्याला एक तास लागला. आमच्याकडे ३० सेकंदात झालं असतं, म्हणजे खरं तर झालंच नसतं, कारण चालू असलेला उपक्रम बंद करायचा विषय अजेंड्यावर यायची हिंमतच आमच्याकडे कुणात नाही, देणगीदाराच्या वडिलांचं नाव असतं ना त्याला.

तर क्वेकर म्हणजे कोण. आधी एक गोष्ट क्लिअर करतो, ओट्सच्या डब्यावरच्या हॅटवाल्या बाबाचा यांच्याशी काहीही संबंध नाही, त्या कंपनीने नुसतं नाव उचललं कारण या लोकांची बाजारात पत होती. खरं नाव रिलिजियस सोसायटी ऑफ फ्रेंड्स, म्हणजे मित्रांचा समाज. १७ व्या शतकात इंग्लंडमध्ये यादवी चालू असताना जॉर्ज फॉक्स नावाचा एक विणकराचा मुलगा गावोगाव हिंडून सांगायला लागला की देवाशी बोलायला मधे दलाल लागत नाही, प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, गप्प बसा आणि ऐका. १६५० साली डर्बीला त्याला न्यायाधीशासमोर उभं केलं तेव्हा हा उलट न्यायाधीशालाच म्हणाला, देवाच्या शब्दापुढे थरथर काप. त्यावरून न्यायाधीशाने टिंगल म्हणून यांना क्वेकर म्हटलं, म्हणजे थरथरणारे, आणि ते नाव चिकटलं.

आता यातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याकडे लोक गंमत म्हणून बघतात तो सांगतो. त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ होतं. नोकराला, पोराला ‘दाऊ’, साहेबाला ‘यू’. क्वेकर सगळ्यांना ‘दाऊ’ म्हणायला लागले. न्यायाधीशाला, सरदाराला, बापाला, सगळ्यांना तू. टोपी कुणासमोर काढायची नाही. कोर्टात शपथ घ्यायची नाही, कारण शपथ घेतली म्हणजे एरवी मी खोटं बोलतो असं कबूल केल्यासारखं होतं. १६७० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात विल्यम पेन (पुढे पेनसिल्व्हेनिया वसवणारा) आणि त्याचा साथीदार मीड यांना आणलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोप्या नव्हत्या, तर लंडनच्या मेयरने शिपायाला सांगून त्या डोक्यावर घालायला लावल्या आणि मग टोपी काढली नाही म्हणून दंड ठोकला. असल्या गोष्टींसाठी हे लोक हजारोंनी तुरुंगात गेले, कित्येक तिथेच मेले.

आपल्याला हे हसायला येतं, पण मराठी माणसाला तरी हे कळायला हवं. आपण विठोबाला तू म्हणतो आणि नगरसेवकाला ‘आपण’. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, वय बघत नाहीत जात बघत नाहीत, आणि परत आल्यावर त्याच गावच्या सभेत खुर्च्या कुणाला आणि सतरंजी कुणाला हे न सांगता ठरलेलं असतं. क्वेकरांनी केलं ते एवढंच की ‘तू’ देवळातून बाजारात आणि कोर्टात आणला.

माझं म्हणणं असं आहे की ती मत न घेता चालणारी सभा या ‘तू’वर उभी आहे. आजकाल कॉर्पोरेटवाले मीटिंगच्या आधी दोन मिनिटं डोळे मिटायला लावतात, एनजीओवाले वर्कशॉपमध्ये ‘कन्सेन्सस’ शिकवतात, फॅसिलिटेटर रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लावतो. शांतता उचलली, गोल खुर्च्या उचलल्या आणि ‘सर’, ‘मॅडम’, ‘साहेब’ तसंच ठेवलं. मग एकमत होतं ते साहेबांच्या मताचंच होतं. आपल्याकडे याला फार सुंदर शब्द आहे, बिनविरोध. निवडणूक बिनविरोध झाली की पेढे वाटतात, आमदार निधी जाहीर करतात, पेपरात ‘गावाने आदर्श घालून दिला’ असं छापून येतं. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी या दोन गावांची ग्रामपंचायत निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. लिलाव झाला की विरोध उरतच नाही, सगळं एकदम एकमताने.

क्वेकरांचं बिनमतदान आणि आपलं बिनविरोध, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सेम दिसतील. फरक असा की तिथे क्लार्क शोधत असतो तो सभेचा सूर, ‘सेन्स ऑफ द मीटिंग’, आणि तो बहुतेकांना काय हवंय यापेक्षा वेगळा असू शकतो. त्यांच्या श्रद्धेनुसार देवाला काय हवंय ते सगळ्यांनी मिळून ऐकायचं असतं. कोकणात देवाला कौल लावतात ना, तसंच काहीसं, फक्त गुरव नाही आणि पाकळी उजवीकडून पडली की डावीकडून हे बघायला एकाच्या जागी चाळीस डोळे. त्यात एखादा माणूस उठून म्हणाला की मला हे बरोबर वाटत नाही, तर त्याला समजूत काढून खाली बसवत नाहीत, थांबतात. विषय पुढच्या महिन्यावर जातो. क्लार्क, खजिनदार वगैरे कामं ठरावीक मुदतीची असतात, बहुतेक ठिकाणी ३ वर्षं, प्रचार करून पद मागायचं नाही आणि मुदत संपली की उठायचं. आमचे एक विश्वस्त २२ वर्षं ‘हंगामी’ आहेत.

दानधर्माच्या बाबतीत या लोकांचं नाव फार मोठं आहे, त्यांच्या संख्येच्या मानाने तर अचाट. जगभरात मिळून साधारण ४ लाख. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढे. त्यात अर्ध्यापेक्षा जास्त आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत, सगळ्यात जास्त केनियात, आणि तिथल्या बहुतेक सभांमध्ये पास्टरही असतो, गाणीही असतात, हेही सांगायला हवं नाहीतर मी बर्मिंगहॅमच्या एका खोलीवरून सगळा समाज रंगवला असं होईल. एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बायकांच्या कोठडीत गेली आणि तिथून तुरुंग सुधारणा सुरू झाली. यॉर्कला टयूक घराण्याने १७९६ मध्ये वेड्यांसाठी साखळदंडाशिवायचं घर उघडलं. पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीत, म्हणजे कालपर्यंतच्या शत्रूच्या देशात, त्यांनी लाखो उपाशी पोरांना रोज जेवायला घातलं. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेच्या क्वेकर संस्थांना मिळालं, आणि अमेरिकन संस्थेतर्फे ते घ्यायला गेलेल्या हेन्री कॅडबरींकडे समारंभाला लागतो तसला शेपटीचा कोट नव्हता, तर संस्थेने गरजूंसाठी गोळा केलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून एक उसना घेतला आणि नंतर परत केला. हा किस्सा मला त्या नोबेलपेक्षा जास्त आवडतो.

पण मला यातलं कौतुकाचं नाही, थांबण्याचं बोलायचंय. आयर्लंडचा बटाट्याचा दुष्काळ. १८४६ च्या नोव्हेंबरात डब्लिनच्या क्वेकरांनी कमिटी केली, मोठमोठे बॉयलर आणून गावोगाव सूप वाटलं, आणि त्या काळात काही मिशनरी लोक ‘आमच्या चर्चमध्ये या मग सूप’ असं करत होते तिथे यांनी कुणाचा धर्म विचारला नाही. आजही आयर्लंडमध्ये त्यांचं नाव चांगलं निघतं ते त्यामुळे. पण १८४९ मध्ये दुष्काळ चालू असतानाच त्यांनी हे काम थांबवलं. सरकारकडून ट्रेव्हेलियनसाहेबाने परत सुरू करा म्हणून १०० पौंड देऊ केले, यांनी नाकारले. म्हणाले हे काम आता खासगी दानाच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही, एवढा पैसा फक्त सरकार उभा करू शकतं आणि ती सरकारची जबाबदारी आहे. विचार करा, समोर माणसं मरतायत, हातात बॉयलर आहे, आणि ही माणसं म्हणतायत की आम्ही ओतत राहिलो तर सरकार हात झटकणार. बरोबर होतं का चूक, मला अजूनही नक्की सांगता येत नाही. पण असं म्हणायला जी धमक लागते ती फोटो काढून सूप वाटणाऱ्यात येऊच शकत नाही.

याचंच पुढचं टोक यॉर्कच्या जोसेफ राउंट्रीकडे दिसतं. चॉकलेटचा कारखानदार, पैसा भरपूर. १९०४ मध्ये त्याने आपल्या इस्टेटीचे ट्रस्ट केले आणि त्यासोबत एक टिपण लिहिलं. त्यात तो म्हणतो की यॉर्कमध्ये सूप किचनला पैसे मिळायला कधी अडचण येत नाही, पण गरिबी का आहे याची चौकशी करायला निघालात तर फार कुणी पैसे देणार नाही. म्हणून माझा पैसा वरवरच्या मलमपट्टीत घालवू नका, मुळाशी जा. त्याच्या मुलाने, सीबोमने, तोवर यॉर्कच्या कामगारवस्तीत घरोघर माहिती गोळा करून दाखवून दिलं होतं की लोक आळशी किंवा दारुडे म्हणून गरीब नाहीत, पूर्ण वेळ राबूनही पगारात पोट भरत नाही म्हणून गरीब आहेत. १२० वर्षं झाली. आपल्याकडे आजही वह्यावाटपाला स्पॉन्सर मिळतो, त्याच शाळेत सातवीच्या पोराला वाचता का येत नाही हे शोधायला मिळत नाही. आमच्या ट्रस्टने ९ वर्षांत किती वह्या वाटल्या त्याचा आकडा वार्षिक अहवालात पहिल्या पानावर असतो, त्या मुलांचं पुढे काय झालं त्याला पानच नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी आरती ओवाळतोय. तर आता दुसरी बाजू, आणि ती लहान नाही.

१६८८ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनला चार जणांनी एक अर्ज लिहिला. साधा सवाल होता, आपण स्वतःला मित्र म्हणवतो, आपल्याला कुणी असं विकलेलं चालेल का, मग आपण माणसं कशी विकत घेतो? गुलामगिरीविरुद्धचा अमेरिकेतला हा अगदी सुरुवातीचा लेखी निषेध. सभेने काय केलं? सांगितलं की विषय फार वजनदार आहे, आमच्या पातळीवर याला हात घालता येणार नाही, आणि तो मासिक सभेकडून तिमाही सभेकडे पाठवला. तिमाहीने वार्षिक सभेकडे. वार्षिक सभेने बाजूला ठेवला. वाचताना मला अक्षरशः आमच्या ऑफिसची फाइल दिसली, ‘वरिष्ठांकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’. तिथल्या पुढारी क्वेकरांच्या घरी स्वतःचे गुलाम होते, स्वतः पेनकडेही होते. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचं म्हटल्यावर ज्यांच्या घरात गुलाम राबतायत ते कसे एकमत होऊ देतील. शेवटी फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहता येणार नाही असं ठरवलं ते १७७६ मध्ये. ८८ वर्षं. ज्याला आपण सभेच्या सुराची वाट बघणं म्हणतो ती वाट कुणाच्या पाठीवर बघितली गेली?

मधल्या काळात बेंजामिन ले नावाचा एक माणूस होऊन गेला. जेमतेम चार फूट उंच, पाठीला कुबड, गुहेसारख्या घरात राहायचा, गुलामांच्या श्रमातली साखर खायचा नाही. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत तो लांब कोट घालून आला, आत सैनिकाचा पोशाख आणि तलवार, हातात पोखरलेलं पुस्तक आणि पुस्तकात लाल रसाची पिशवी. भर शांततेत उठला, गुलाम ठेवणाऱ्यांना नाही नाही ते बोलला आणि तलवार पुस्तकात खुपसली, रक्तासारखा रस आजूबाजूच्या लोकांवर उडाला. त्याला उचलून बाहेर काढलं. समाजातही त्याला ठेवलं नाही. १७५८ मध्ये सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना कामकाजातून बाजूला करायचं ठरवलं तेव्हा तो जिवंत होता, दुसऱ्या वर्षी गेला. त्याला काढून टाकणाऱ्या अ‍ॅबिंग्टनच्या सभेने ते चूक होतं असं मान्य केलं ते अडीचशेपेक्षा जास्त वर्षांनी.

आणि दुसरा, एकदम उलट स्वभावाचा, जॉन वूलमन. शिंपी. तरुणपणी दुकानात नोकरीला असताना मालकाने सांगितलं, या बाईच्या विक्रीचा कागद लिही. गिऱ्हाईक म्हातारा क्वेकरच होता. वूलमनने लिहिला. लिहून दिला आणि मग दोघांना म्हणाला की हे धर्माला धरून नाही. ही गोष्ट त्याने स्वतः लिहून ठेवलीये आणि त्यात स्वतःला हिरो केलेलं नाही, मी कागद लिहिला असं सरळ लिहिलंय. त्यानंतर तो असे कागद लिहायला नाही म्हणायला लागला. पुढची पंचवीस-तीस वर्षं हा माणूस घरोघर फिरला, गुलाम असलेल्या क्वेकरांच्या घरी उतरायचा आणि निघताना आपल्या सेवेचे पैसे त्या गुलामांना द्यायचा. भांडण नाही, तमाशा नाही, पण यजमानाला ते नाणं जन्मभर बोचत असणार. १७५८ च्या त्या सभेत लोक हळूहळू घेऊ, वाट बघू म्हणत होते तेव्हा तो उठून बोलला आणि पारडं फिरलं.

म्हणून मला वाटतं, नुसत्या प्रोसेसने काही होत नाही. मत न घेता ठरवणारी सभा ही सोयीच्या गप्प बसण्याला फार लवकर शरण जाते, आपल्या बिनविरोधसारखीच, जर तिच्यात एखादा ले किंवा वूलमन नसेल तर. फरक पडतो तो एवढ्यानेच की त्या समाजाच्या स्वतःच्या शिकवणीतच न्यायाधीशाला तू म्हणणं बसलेलं होतं, त्यामुळे वूलमन उठला तेव्हा त्याला ‘वडीलधाऱ्यांसमोर कसं बोलतोस’ म्हणून बसवायला तोंड नव्हतं. लेला काढलं तरी त्याचा प्रश्न काढता आला नाही.

चॉकलेटवाल्या कॅडबरींचंही सांगून टाकतो, कारण त्यांच्या कारखान्याची बोर्नव्हिल वसाहत आणि तिथली बाग बघून सगळे भारावतात. कामगारांसाठी घरं, बागा, खेळाची मैदानं, सगळं खरंय, १८७९ मध्ये कारखाना तिथे गेल्यावर हळूहळू उभं राहिलेलं. (पब मात्र नाही, मालकांना दारू चालत नव्हती म्हणून कामगारांनाही चालायची नाही. हेही एक प्रकारचं ‘साहेब’पणच झालं.) पण १९०१ मध्ये त्यांना कळलं की आपला कोको आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरून येतो आणि तिथे अंगोलातून धरून आणलेली माणसं गुलामासारखी राबतायत. चौकशी, पत्रव्यवहार, १९०५ मध्ये पाहणीला माणूस पाठवला, त्याचा अहवाल, सरकारशी बोलणी, आणि खरेदी बंद १९०९ मध्ये. एका पेपरने ढोंगी म्हटलं म्हणून यांनी बदनामीचा खटला घातला. ज्युरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. इतकं अचूक एकमत मी कुठल्या क्वेकर सभेतही वाचलेलं नाही. फिलाडेल्फियाला १८२९ मध्ये क्वेकर विचारांतून उभा राहिलेला तुरुंगही असाच, प्रत्येक कैद्याला एकांतात शांत ठेवलं की तो आतला आवाज ऐकेल आणि सुधारेल ही कल्पना, आणि प्रत्यक्षात माणसं वेडी व्हायला लागली. स्वतः निवडलेली शांतता आणि लादलेली शांतता यातलं अंतर दानशूर माणसाला चटकन दिसत नाही.

गांधीजींचा यांच्याशी संबंध आला तोही असाच थोडा गमतीदार. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला त्यांना कोट्स नावाचा एक तरुण क्वेकर भेटला, अतिशय प्रेमळ. गळ्यातली तुळशीची माळ बघून म्हणाला ही अंधश्रद्धा तुम्हाला शोभत नाही, आणा मी तोडतो. गांधीजी म्हणाले नाही, आईने दिलेली आहे. पुढे मात्र क्वेकरांशी त्यांचं फार जमलं. मार्जरी साइक्स ही इंग्लंडहून आलेली क्वेकर शिक्षिका वर्ध्याच्या सेवाग्रामला नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या कामात कित्येक वर्षं राहिली, भारताची नागरिक झाली. लॉरी बेकर हा आर्किटेक्ट युद्धाच्या काळात चीनहून परतताना मुंबईत जहाजाची वाट बघत थांबला होता, तिथे गांधीजींना भेटला, आणि त्यांचं लक्ष गेलं ते त्याच्या पायातल्या चिंध्यांपासून केलेल्या बुटांकडे. पुढे केरळात त्याने विटांची जी घरं बांधली ती जगाला माहितीयेत. आणि मध्य प्रदेशात होशंगाबादजवळ रसूलियाला क्वेकरांचं एक ग्रामीण केंद्र होतं, त्यांनी आणि किशोर भारती या संस्थेने मिळून १९७२ मध्ये १६ सरकारी शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली, तो होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम पुढे एकलव्य या संस्थेने चालवला, शेकडो शाळांत गेला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. क्वेकरांनी स्वतःचं नाव त्यावर कुठे टाकलं नाही, त्यामुळे तो त्यांच्या अंगणातून सुरू झाला हे आज शिक्षणक्षेत्रातल्याही बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

‘हे सगळं गोऱ्यांचं, आपल्याकडे चालणार नाही, आपल्याकडे सगळ्यांना बोलायला दिलं तर पहाट होईल’, हा आक्षेप मी कमीत कमी दहा जणांकडून ऐकलाय. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव काय गोऱ्यांचं आहे? ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांची. तिथे ग्रामसभेत मतदान होत नाही, सर्वसहमतीनेच ठरतं, आणि त्यासाठी त्यांनी एक युक्ती केली जी क्वेकरांनी पण स्वतंत्रपणे केलीये. चर्चा करायची जागा आणि निर्णय घ्यायची जागा वेगळी ठेवली. अभ्यास गटात कुणीही यावं, बाहेरच्या जाणकाराने पण, हवा तेवढा वाद घालावा, पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत. क्वेकरांकडे पण असं असतं, अवघड विषयावर आधी नुसती मळणी करायची सभा, धान्य आणि भुसा वेगळा करायला, त्यात मिनिट लिहायचंच नाही. मेंढ्याने याच पद्धतीने चालून २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पहाट झाली असेलही एखाद्या वेळी, काय बिघडलं.

कायद्याचं म्हणाल तर विश्वस्त कायदा किंवा सहकार कायदा बहुमत मागतो हे खरंय, शेवटी नोंद तशी करावी लागते. पण मिनिट्स सभेतच लिहून वाचू नका, दर ३ वर्षांनी पदं बदलू नका, अध्यक्षांनी सगळ्यात आधी स्वतःचं मत सांगावं, असं कुठल्या कलमात लिहिलंय मला दाखवा. आणि संकटाच्या वेळी एवढा वेळ कुठून आणायचा, तर त्याचंही उत्तर त्यांच्या कामात आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांचं अ‍ॅम्ब्युलन्स युनिट मदतीच्या कामात होतं, तिथे भाताचं पातेलं उतरवायचं का यावर कुणी मौन धरून बसलं नव्हतं. कुठे जायचं, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, कधी थांबायचं, हे सावकाश ठरवायचं, रोजचं काम ज्याच्या हातात दिलंय त्याने पटापट करायचं. आमच्याकडे उलटं आहे, दहा लाखाची एफडी मोडायचा निर्णय अर्ध्या मिनिटात आणि कार्यक्रमाला शाल कुठल्या रंगाची यावर पाऊण तास.

परत आल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये मी विषय मांडला. फार काही मागितलं नाही, एवढंच म्हटलं की मिनिट्स इथेच लिहूया, इथेच वाचूया, आणि ज्याचा विरोध असेल त्याचं म्हणणं पण दोन ओळीत घेऊया. वड्यांच्या आधी, प्लीज. यावर पहिल्यांदाच आमच्याकडे वीसेक मिनिटं खरी चर्चा झाली. खजिनदार म्हणाले असं केलं तर बाहेर चुकीचा मेसेज जाईल, भांडणं आहेत असं वाटेल. एक बाई, ज्या ४ वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या मला पाठिंबा आहे. त्या हंगामी विश्वस्तांनी स्पष्ट विरोध केला, आणखी एकाने केला, अध्यक्ष म्हणाले सूचना चांगली आहे साहेब, बघू. मी म्हटलं मला साहेब नका म्हणू. सगळे हसले.

सहा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ आली. विषय क्रमांक ७, मिनिट्स सभेतच लिहून वाचण्याबाबत सन्माननीय सदस्यांची सूचना. एकमताने मंजूर.